व्हर्च्युअल मशीनचं सॉफ्टवेअर निवडण्याआधी काय काय तपासायचं

"व्हर्च्युअलबॉक्स घेऊ की व्हीएमवेअर?" हा प्रश्न मला आठवड्यातून दोनतीनदा तरी येतो. विचारणाऱ्यानं बहुतेक वेळा त्यातलं एक आधीच टाकलेलं असतं, कधीकधी दोन्ही. मग मशीन सुरू होत नाही, सुरू झालं तर रांगतं, आणि नीट चाललं तर नेमका हवा तो प्रोग्रॅम किंवा हवं ते यूएसबी चालत नाही. खापर सॉफ्टवेअरवर फुटतं. खरं तर ही निवड पाचव्या टप्प्यावर करायची असते आणि लोक तिथूनच सुरुवात करतात.

पुढे दोन शब्द सारखे येतील. तुमचा खरा कॉम्प्युटर तो होस्ट. त्याच्या आत, एका खिडकीत चालणारा दुसरा कॉम्प्युटर, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, तो गेस्ट.

क्रम चुकला की काय होतं, ते मी स्वतः भोगलंय. गिरगावातल्या एका डीटीपीवाल्या काकांचं विंडोज एक्सपीवालं जुनं मशीन ऐन दिवाळी अंकाच्या कामात बंद पडलं. नव्या मशीनवर विंडोज प्रो होतं, त्यात हायपर-व्ही हे व्हर्च्युअल मशीनचं सॉफ्टवेअर आयतं मिळतं, म्हणून मी तेच चालू केलं. दिवसभर खपून एक्सपी टाकलं, पेजमेकर टाकलं, मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर टाकलं. संध्याकाळी काकांनी जुन्या कॅबिनेटला रबरबँडनं बांधून ठेवलेलं हिरवं डोंगल, म्हणजे प्रोग्रॅमचं यूएसबी लॉक, सोडवलं आणि माझ्या हातात ठेवलं. "हे लावलं की अक्षरं येतात." लावलं. बाहेरच्या विंडोजला ते दिसलं, आतल्या एक्सपीला त्याचा पत्ताच नाही. हायपर-व्हीमध्ये होस्टला लावलेलं यूएसबी गेस्टला सरळ देताच येत नाही. सगळं पुसून रात्री व्हर्च्युअलबॉक्सवर पहिल्यापासून केलं. "याला काही लॉक लागतं का?" एवढंच सकाळी विचारलं असतं तर काकांचा अख्खा दिवस वाचला असता, आणि त्या आठवड्यात त्यांच्याकडे वाया घालवायला एक तासही नव्हता.

टप्पा १ : काम कागदावर लिहून काढा

कॉम्प्युटरला हात लावण्याआधी पाच गोष्टी लिहा.

– आत कुठला प्रोग्रॅम चालवायचाय? त्याला कुठलं विंडोज किंवा लिनक्स लागतं?
– त्याला कुठलं यूएसबी लागतं? डोंगल, डिजिटल सहीचं टोकन, स्कॅनर, लेबल प्रिंटर, जे असेल ते.
– आतल्या मशीनला इंटरनेट लागणार का?
– वापर घरचा, शिक्षणाचा की धंद्याचा?
– हे चार दिवसांचं काम आहे की पुढची पाच वर्षं यावर विसंबायचंय?

यातली दुसरी ओळ सगळ्यात जास्त लोक गाळतात. जुन्या मशीनच्या मागे वाकून बघा, काय काय लावलंय ते लिहा, मोबाइलवर फोटो काढून ठेवा. काही जुनी लॉक यूएसबीची नसून प्रिंटरच्या रुंद पॅरलल पोर्टला लागणारी असतात. तसं लॉक निघालं तर इथेच थांबा आणि सॉफ्टवेअर विकणाऱ्याला यूएसबी लॉक बदलून मिळेल का ते विचारा. ते गेस्टमध्ये चालवण्याच्या खटपटीत आठवडा जातो.

त्याच फोनवर आणखी एक विचारून घ्या : "तुमचा परवाना व्हर्च्युअल मशीनमध्ये चालतो ना?" काही प्रोग्रॅम आपण गेस्टमध्ये आहोत हे ओळखतात आणि उघडतच नाहीत.

व्हर्च्युअल मशीनची गरजच नाही, असंही निघू शकतं. बी.एस्सी. आयटीच्या मुलाला प्रॅक्टिकलसाठी फक्त लिनक्सच्या कमांड हव्या असतील तर विंडोजमधलं डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजमध्येच लिनक्स चालवण्याची सोय, पुरतं. ते विंडोज होमवरही चालतं आणि जागा कमी खातं. पूर्ण डेस्कटॉप, नेटवर्किंगचे प्रयोग किंवा एकदम तीनचार मशीन हवी असतील तेव्हाच व्हर्च्युअल मशीनकडे वळा. मोठे गेम आणि जड व्हिडिओ एडिटिंग यांच्यासाठी मात्र या वाटेला जाऊच नका, कारण होस्टचं ग्राफिक्स कार्ड गेस्टला पूर्ण ताकदीनं मिळत नाही.

टप्पा २ : मशीनला झेपेल का ते बघा

विंडोजवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. परफॉर्मन्समध्ये जा, सीपीयूवर क्लिक करा. खालच्या बाजूला 'व्हर्च्युअलायझेशन' असा शब्द आणि त्यापुढे 'एनेबल्ड' किंवा 'डिसेबल्ड' दिसेल. जे असेल ते कागदावर उतरवा. डिसेबल्ड असेल तर घाबरू नका, तो पुढच्या टप्प्याचा विषय आहे.

तिथेच 'कोअर्स' आणि 'लॉजिकल प्रोसेसर्स' असे दोन आकडे असतात. हिशोब कोअर्सचा करायचा. चार कोअर असतील तर गेस्टला दोन द्या. चारही दिले की गेस्ट वेगवान होत नाही, उलट होस्ट अडकतो आणि त्याच्याबरोबर गेस्टही.

आता मेमरी. रोज कामाला लागतं ते सगळं उघडा : ब्राउझर, व्हॉट्सअ‍ॅप, अकाउंटिंग, जे काही असेल ते. मग टास्क मॅनेजरमध्येच 'मेमरी'वर क्लिक करून 'अव्हेलेबल' किती उरलंय ते बघा. गेस्टला द्यायचं ते या उरलेल्यातून, तेही फार तर दोनतृतीयांश. मशीन ८ जीबीचं असेल तर विंडोज ११ आणि ब्राउझर उघडल्यावर बहुधा ३ ते ४ जीबी उरते. त्यात २ जीबीचं हलकं लिनक्स किंवा १ जीबीचं एक्सपी आरामात बसतं. विंडोज ११ ला स्वतःलाच किमान ४ जीबी लागते, त्यामुळे ८ जीबीच्या मशीनवर ते गेस्ट म्हणून टाकणं म्हणजे दोघांचाही जीव गुदमरवणं. त्यासाठी १६ जीबी हवी.

मेमरी वाढवायची असेल तर लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात जाण्याआधी मशीनचा पूर्ण मॉडेल नंबर, डीडीआर ४ की डीडीआर ५, एक स्लॉट रिकामा आहे की दोन्ही भरलेले, हे सगळं लिहून न्या. डेस्कटॉपची पट्टी लांब आणि लॅपटॉपची आखूड असते, एकीच्या जागी दुसरी बसत नाही. पातळ लॅपटॉपमध्ये बरेचदा मेमरी बोर्डावरच डाग देऊन पक्की केलेली असते, तिथे वाढवायला वावच नसतो. दुकानात पैसे देण्याआधी ही खात्री करा.

डिस्कचं थोडक्यात. विंडोज ११ साठी किमान ६४ जीबी, उबुंटू डेस्कटॉपसाठी २५ जीबी धरा, आणि गेस्टची फाइल एसएसडीवरच ठेवा. फिरत्या हार्ड डिस्कवर होस्ट आणि गेस्ट एकाच सुईसाठी भांडतात आणि दोघंही खोळंबतात. तुमच्याकडे ८ जीबी मेमरी आणि जुनी हार्ड डिस्क असेल, आणि पैसे एकाच गोष्टीपुरते असतील, तर मी आधी एसएसडी घ्यायला सांगेन.

सावधान : मॅकचे एम मालिकेतले प्रोसेसर आणि स्नॅपड्रॅगनवाले विंडोज लॅपटॉप आर्म जातीचे, म्हणजे इंटेल-एएमडीपेक्षा वेगळ्या रचनेचे आहेत. त्यांच्यावर आर्मसाठी बनवलेलं लिनक्स किंवा विंडोजच चांगल्या वेगानं चालतं. इंटेलसाठी बनवलेलं जुनं विंडोज तिथे फक्त नक्कल करून चालवता येतं आणि ते फार हळू असतं. जुन्या डीटीपीसाठी किंवा जुन्या अकाउंटिंगसाठी नवा कॉम्प्युटर घेणार असाल तर इंटेल किंवा एएमडीचाच घ्या.

टप्पा ३ : बायोसमध्ये जाण्याआधी बिटलॉकरची की हाताशी ठेवा

व्हर्च्युअलायझेशन डिसेबल्ड असेल तर ते बायोसमधून, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमधून, चालू करायचं. हे सगळेच सांगतात. त्याआधी काय करायचं ते फार कमी जण सांगतात.

आजकाल बऱ्याच लॅपटॉपची डिस्क मालकाच्या नकळत बिटलॉकर या विंडोजच्या सोयीनं कुलूपबंद झालेली असते. बायोसमध्ये बदल केला की विंडोजला संशय येऊ शकतो, आणि पुढच्या वेळी ते सुरू होण्याऐवजी निळ्या पडद्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. आधी फोनवरून त्या खात्यात शिरून की दिसते का ते बघा आणि कागदावर उतरवून घ्या. आकडे दोनदा ताडून पाहा. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर की आयटीवाल्यांकडे असते, त्यांना विचारल्याशिवाय बायोसला हात लावू नका.

मग मशीन पुन्हा सुरू करा आणि सुरू होतानाच डिलीट, एफ २ किंवा एफ १० यापैकी तुमच्या कंपनीची जी की असेल ती दाबत राहा. इंटेलच्या मशीनवर 'इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी' किंवा 'व्हीटी-एक्स' शोधा, एएमडीच्या मशीनवर 'एसव्हीएम मोड'. एएमडीवर 'व्हर्च्युअलायझेशन' हा शब्दच सापडत नाही म्हणून लोक परत फिरतात, आणि तो पर्याय ओव्हरक्लॉकिंगच्या किंवा सीपीयूच्या आतल्या पानावर दडलेला असतो. एवढा एकच पर्याय बदला, सेव्ह करून बाहेर या. शेजारच्या 'सिक्युअर बूट'ला हात लावू नका.

तपासा : टास्क मॅनेजरमध्ये आता 'एनेबल्ड' दिसायला हवं. दिसत नसेल तर मशीन एकदा पूर्ण बंद करून चालू करा. नुसतं रीस्टार्ट करून काही बोर्डांवर बदल लागू होत नाही.

टप्पा ४ : होस्टवर आधीच कोण बसलंय ते शोधा

"सगळं बरोबर आहे, तरी व्हर्च्युअलबॉक्स गोगलगाईसारखं चालतं," या तक्रारीचं मूळ बहुधा इथे असतं.

प्रोसेसरमधली व्हर्च्युअलायझेशनची सोय एका वेळी एकालाच पूर्णपणे मिळते. विंडोजवर ती बरेचदा आधीच हायपर-व्हीच्या गाभ्यानं घेतलेली असते. तुम्ही हायपर-व्ही कधी चालू केलं नसेल, पण डब्ल्यूएसएल टाकलं असेल, डॉकर टाकलं असेल, किंवा विंडोज सिक्युरिटीमधलं 'मेमरी इंटेग्रिटी' चालू असेल, तरी तो गाभा खाली चालू असतो. मग व्हर्च्युअलबॉक्सला त्याच्या डोक्यावर बसून काम करावं लागतं. अशा वेळी गेस्टच्या खिडकीच्या खालच्या पट्टीत उजवीकडे हिरव्या कासवाचं चित्र दिसतं. ते कासव दिसलं की गेस्टची मेमरी वाढवत बसू नका, अडचण तिथे नाही.

इथे निर्णय घ्यावा लागतो. डब्ल्यूएसएल किंवा डॉकर लागत नसेल तर 'टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ'मधून हायपर-व्ही, व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म आणि विंडोज हायपरव्हायझर प्लॅटफॉर्म या तिन्हींवरची खूण काढा आणि रीस्टार्ट करा. मेमरी इंटेग्रिटीबद्दल माझं मत ठाम आहे : ज्या मशीनवरून बँकेचे व्यवहार किंवा जीएसटीचं काम होतं तिथे ती बंद करू नका. ते संरक्षण खरं आहे. त्या मशीनवर हायपर-व्हीच वापरा, किंवा त्याच्याशी जुळवून घेणारं व्हीएमवेअर वापरा आणि थोडा वेग सोडा.

ऑफिसच्या मशीनवर हे पर्याय राखाडी दिसत असतील तर कंपनीनं ते बंद करून ठेवलेत. त्यातून पळवाटा काढू नका.

टप्पा ५ : आता सॉफ्टवेअर निवडा

कागद समोर ठेवा. एव्हाना बहुतेकांची निवड आपोआप झालेली असते.

व्हर्च्युअलबॉक्स. होस्ट विंडोज असो, लिनक्स असो की इंटेलचा मॅक, सगळीकडे चालतं. मूळ पॅकेज मुक्त परवान्याचं आहे, धंद्यालाही फुकट. डोंगल किंवा टोकन लागत असेल आणि मशीनवर कासवाची अडचण नसेल तर माझी पहिली पसंती हीच. आवृत्ती ७.० पासून यूएसबी २ आणि ३ ची सोय आणि विंडोज ११ ला लागणारं टीपीएम (सुरक्षेची चिप) मूळ पॅकेजमध्येच आहे.

सावधान : त्याच्या शेजारी मिळणारा 'एक्स्टेन्शन पॅक' वेगळ्या परवान्याचा आहे. वैयक्तिक आणि शैक्षणिक वापराला फुकट, पण ऑफिसात वापरायचा तर व्हर्च्युअलबॉक्स बनवणाऱ्या ओरॅकलकडून परवाना विकत घ्यावा लागतो. जुन्या व्हिडिओंमध्ये 'यूएसबीसाठी एक्स्टेन्शन पॅक टाका' असं सांगतात. आता त्यासाठी तो लागत नाही. ऑफिसच्या मशीनवर टाकूच नका.

व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो. नोव्हेंबर २०२४ पासून सगळ्यांना फुकट आहे, धंद्यालाही. ग्राफिक्स जास्त गुळगुळीत, यूएसबी व्यवस्थित, आणि हायपर-व्हीचा गाभा चालू असला तरी निभावतं. अडचण उतरवून घेण्यात आहे : व्हीएमवेअरची मालक कंपनी ब्रॉडकॉम, तिच्या साइटवर खातं उघडावं लागतं. त्याला कंटाळून लोक दुसऱ्याच कुठल्यातरी साइटवरून घेतात. ही चूक अजिबात करू नका. होस्टच्या मुळाशी बसणारं हे सॉफ्टवेअर आहे; ते भेसळीचं निघालं तर तुमचं सगळंच उघड्यावर पडतं. 'प्लेअर' नावाची धाकटी आवृत्ती आता बंद झालीय, ती शोधत बसू नका.

हायपर-व्ही. विंडोज प्रो, एंटरप्रायझ आणि एज्युकेशनमध्ये आयतं येतं. होममध्ये नाही. होमवर ते घुसवायच्या ज्या युक्त्या फिरतात त्यांच्या नादी लागू नका. नवीन विंडोज किंवा लिनक्स गेस्ट, यूएसबीची गरज नाही, मशीन दिवसरात्र चालू ठेवायचंय, अशा कामाला हे उत्तम. कागदावर डोंगल किंवा टोकन लिहिलेलं असेल तर मात्र यावर फुली मारा. 'एन्हान्स्ड सेशन'मधून काही वस्तू आत जातात हे खरं, पण सहीच्या टोकनसाठी त्यावर भिस्त ठेवू नका.

लिनक्स होस्ट असेल तर बाहेरून काही आणायची गरज नाही. व्हर्च्युअल मशीन चालवणारं केव्हीएम २००७ पासून लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यातच आहे. नवख्यांनी जीनोम बॉक्सेस घ्यावं, यूएसबी आणि नेटवर्कवर बारीक ताबा हवा असेल त्यांनी व्हर्ट-मॅनेजर. आत विंडोज टाकणार असाल तर व्हर्टआयओ ड्रायव्हरची आयएसओ (अख्खी डिस्क एका फाइलमध्ये) आधीच उतरवून ठेवा, कारण डिस्क व्हर्टआयओवर ठेवली तर विंडोजच्या इन्स्टॉलेशनला ती दिसतच नाही आणि लोक तिथेच अडकतात.

एम मालिकेच्या मॅकवर यूटीएम, व्हीएमवेअर फ्यूजन किंवा पैसे मोजायची तयारी असेल तर पॅरलल्स. आर्मची मर्यादा तिघांनाही आहे.

गेस्टमधल्या विंडोजला स्वतःचा वेगळा परवाना लागतो. लॅपटॉपबरोबर आलेला परवाना त्या लॅपटॉपपुरताच असतो, तो आत चालत नाही. फक्त शिकायचं किंवा पारखायचं असेल तर मायक्रोसॉफ्ट विंडोज ११ एंटरप्रायझची ९० दिवसांची आवृत्ती अधिकृतपणे देतं. 'अ‍ॅक्टिव्हेटर' नावाच्या फायली गेस्टमध्येही नकोत.

टप्पा ६ : आयएसओ उतरवा आणि पारखा

आयएसओ बनवणाऱ्याच्याच साइटवरून घ्या. त्याच पानावर एसएचए-२५६ ची लांबलचक ओळ, म्हणजे त्या फाइलचा ठसा, दिलेली असते. ७-झिप टाकलेलं असेल तर फाइलवर उजवं क्लिक करून सीआरसी एसएचए मेन्यूतून तीच ओळ काढता येते. पहिली आणि शेवटची आठ अक्षरं जुळली म्हणून सोडू नका, पूर्ण ओळ जुळवा. अर्धवट उतरलेल्या आयएसओमुळे इन्स्टॉलेशन मध्येच फसतं आणि संशय भलतीकडेच जातो.

मित्राकडून पेनड्राइव्हवर आणणार असाल तर तो एफएटी ३२ नाही ना ते बघा. त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही.

टप्पा ७ : गेस्ट बनवताना हा क्रम पाळा

१. जागा ठरवा. एसएसडीवर वेगळा फोल्डर करा. तो वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्हच्या आत नको, नाहीतर कित्येक जीबींची फाइल दर मिनिटाला ढगात चढवायचा प्रयत्न सुरू होतो.

२. फर्मवेअर ठरवा. विंडोज ११ साठी यूईएफआय (नव्या पद्धतीचं बायोस) आणि टीपीएम, एक्सपीसाठी जुनं बायोस. इन्स्टॉलेशननंतर हे बदललं की गेस्ट सुरूच होत नाही, म्हणून आत्ताच नीट बघा.

३. व्हर्च्युअलबॉक्समध्ये 'अनअटेंडेड इन्स्टॉलेशन' बंद करा. ही खूण राहून गेली तर ते तुम्हाला न विचारता स्वतःच नाव आणि पासवर्ड ठरवतं. नंतर उबुंटूमध्ये स्वतःच्या नावानं शिरता येत नाही, आणि शिरलं तरी अ‍ॅडमिनचे अधिकार नसतात. महिन्यातून एकदा तरी मी हे निस्तरतो.

४. मेमरी, कोअर आणि डिस्कचे आकडे कागदावरून भरा. डिस्क 'डायनॅमिक' ठेवली तर ती गरजेप्रमाणे फुगते, पण आतल्या फायली पुसल्या तरी आपोआप आक्रसत नाही. हे लक्षात ठेवून होस्टवर मोकळी जागा राखा. होस्टची डिस्क भरली तर चालू गेस्ट जागच्या जागी थांबतो.

५. नेटवर्क 'एनएटी'वर ठेवा, म्हणजे गेस्ट होस्टच्या मार्फत इंटरनेट वापरतो. बहुतेकांना तेवढंच पुरतं. ऑफिसच्या इतर मशीनना गेस्ट दिसायला हवा असेल तरच 'ब्रिज्ड', आणि तेही शक्यतो केबलवर. वायफायवर ब्रिज्ड अनेकदा अडतं.

सावधान : एक्सपीला ८ एप्रिल २०१४ नंतर सुरक्षेचे नियमित अपडेट नाहीत, विंडोज १० चा नियमित आधारही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. एक्सपीचा गेस्ट असेल तर त्याची नेटवर्क केबल सेटिंगमधूनच काढून टाका. पेजमेकरला इंटरनेट लागत नाही.

टप्पा ८ : आत सगळं कुठल्या क्रमानं टाकायचं

आधी ऑपरेटिंग सिस्टिम, मग तिचे अपडेट, मग गेस्टचे ड्रायव्हर. व्हर्च्युअलबॉक्समध्ये त्यांना 'गेस्ट अ‍ॅडिशन्स' म्हणतात, व्हीएमवेअरमध्ये 'टूल्स'. हे टाकेपर्यंत पडदा चौकोनी आणि धूसर दिसतो, माउस अडखळतो, आणि लोक तेवढ्यावरून सॉफ्टवेअर वाईट ठरवतात. एक्सपीसारख्या जुन्या गेस्टला ड्रायव्हरची जुनी आवृत्ती लागू शकते, नवीन टाकून अडलं तर ती शोधा.

माउस आत अडकला तर व्हर्च्युअलबॉक्समध्ये उजवीकडचा कंट्रोल, व्हीएमवेअरमध्ये कंट्रोल आणि ऑल्ट. ही एक ओळ चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवा, मशीन दुसरं कुणी वापरणार असेल तर नक्कीच.

आता गेस्ट पूर्ण बंद करा आणि पहिला स्नॅपशॉट घ्या. मी त्याला 'कोरी पाटी' असं नाव देतो. पुढे काहीही बिघडलं तर इथे परत येता येतं.

त्यानंतर लगेच मुख्य प्रोग्रॅम नको, पहिल्यांदा डोंगल किंवा टोकन. ते होस्टला लावा, गेस्टच्या यूएसबी मेन्यूतून निवडा. एका क्षणी ते दोघांपैकी एकाकडेच असतं; आत गेलं की बाहेरून नाहीसं होतं, हा बिघाड नव्हे. ड्रायव्हर गेस्टमध्ये टाकायचा. सहीच्या टोकनचं तसंच : टोकनचा ड्रायव्हर आणि पोर्टलला लागणारी सहीची युटिलिटी, दोन्ही आत. बाहेर टाकून आत शोधणारे सीएच्या ऑफिसात मला सारखे भेटतात. एकदा दिसलं की सेटिंगमध्ये त्या यूएसबीचा फिल्टर बनवा, म्हणजे दर वेळी मेन्यूत जावं लागणार नाही.

तपासा : गेस्ट बंद करून पुन्हा चालू करा. डोंगल आपोआप आत आलं? आलं तरच पुढे जा आणि मुख्य प्रोग्रॅम टाका.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी इथेच सांगतो. होस्टवरचा मराठी कीबोर्ड आत चालत नाही, कारण आत फक्त कुठली की दाबली एवढंच पोचतं. इनस्क्रिप्ट किंवा फोनेटिक, जो वापरता तो गेस्टमध्ये वेगळा चालू करा. दुसरं, जुन्या फॉन्टमधला मजकूर आतून कॉपी करून बाहेरच्या युनिकोडच्या फाइलमध्ये चिकटवला की अगम्य चिन्हं येतात. त्यात क्लिपबोर्डचा दोष नाही. ते फॉन्ट युनिकोड नाहीत, मधे कन्व्हर्टर लागतोच.

छपाईसाठी गेस्टमध्ये प्रिंटर जोडायच्या मागे लागू नका. आत पीडीएफ काढा, शेअर्ड फोल्डरमधून बाहेर घ्या, होस्टवरून छापा. गेस्ट संशयास्पद फायली तपासायला बनवलेला असेल तर मात्र शेअर्ड फोल्डर आणि क्लिपबोर्ड दोन्ही बंद ठेवा, तिथून घाण बाहेर यायला तीच वाट असते.

टप्पा ९ : बॅकअप, आणि तो उघडून बघणं

स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. तो त्याच डिस्कवर, मूळ फाइलच्या आधारानं उभा असतो. डिस्क गेली की दोन्ही गेले. शिवाय स्नॅपशॉटची साखळी वाढत गेली की गेस्ट मंदावतो आणि जागा फुगते. दोनतीनपेक्षा जास्त ठेवू नका. नको असलेले काढताना सॉफ्टवेअरच्या मेन्यूतूनच काढा. फोल्डरमध्ये जाऊन फाइल पुसलीत तर अख्खी साखळी तुटते आणि गेस्ट परत मिळत नाही.

खरा बॅकअप असा : गेस्ट 'सेव्ह स्टेट'मध्ये न ठेवता पूर्ण बंद करा, ओव्हीए म्हणून, म्हणजे अख्खा गेस्ट एकाच फाइलमध्ये, एक्स्पोर्ट करा, आणि ती फाइल बाहेरच्या डिस्कवर ठेवा. त्यात स्नॅपशॉट येत नाहीत, फक्त आत्ताची अवस्था येते. हायपर-व्ही ओव्हीए बनवत नाही, तिथे त्याचं स्वतःचं एक्स्पोर्ट वापरा. कामाच्या फायली मात्र रोज शेअर्ड फोल्डरमधून होस्टवर घ्या, त्यासाठी पुढच्या एक्स्पोर्टची वाट बघू नका. आणि डेस्कटॉपला यूपीएस असू द्या. मुंबईत वीज फारशी जात नाही म्हणून तो टाळला जातो, पण गेस्टची डिस्क लिहिली जात असताना एकदाच गेली तरी पुरतं.

बॅकअप घेतल्यावर तो दुसऱ्या कॉम्प्युटरवर इम्पोर्ट करून सुरू करा. घरचा लॅपटॉप चालेल, शेजारच्या ऑफिसातलं मशीन चालेल. डोंगल त्याला लावा, एक जुनी फाइल उघडा, पीडीएफ काढा, काना-मात्रा नीट आल्यात का ते बघा. गिरगावच्या काकांकडे आम्ही हे गेल्या वर्षीच्या अंकाच्या एका पानावर केलं, आणि जोडाक्षरं जुन्या छापील पानाशी एकेक करून ताडली. ती जुळल्यावरच जुनं कॅबिनेट भंगारवाल्याला दिलं. त्यातली हार्ड डिस्क मात्र काढून, वर तारीख लिहून कपाटात ठेवलीय. तुम्हीही तेवढी काढून ठेवा.